डब्यावर ‘आहार’, आत औषध

2030 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला भरणार, ही बातमी नोव्हेंबर 2025 मध्ये आली आणि बडोद्यातल्या मराठी घरांनाही तिचा आनंद झाला. स्पर्धा आपल्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर होणार, आणि आज आठवी-नववीत असलेली आपली मुले तोवर मैदानात उतरण्याच्या वयाची झालेली असणार. पुढच्याच महिन्यात आलेली दुसरी बातमी मात्र फारशी कुणी वाचली नाही. जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्था, म्हणजे ‘वाडा’ (दांडिया बाजारातला नव्हे), हिने 2024 सालच्या चाचण्यांचे आकडे जाहीर केले. भारतात 7,113 नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी 260 सदोष निघाले. हे प्रमाण 3.6 टक्के होते. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत ते सर्वांत जास्त, आणि तेही सलग तिसऱ्या वर्षी. हे सगळे नमुने स्टेरॉइडमुळेच सदोष ठरले असे नाही, पण स्टेरॉइडचा त्यांतला वाटा नेहमीच मोठा असतो.

त्या 260 जणांविषयी हा लेख नाही. त्यांना तपासायला निदान कुणीतरी आहे. आमच्या डोळ्यांसमोर आहे तो मुलगा ज्याला कुणीच तपासत नाही. तो राष्ट्रीय स्पर्धेत नाही, जिल्हा पातळीवरही नाही. बारावी झाली आहे किंवा व्हायची आहे, संध्याकाळी कारेलीबागेतल्या नाहीतर मांजलपूरच्या जिममध्ये जातो आणि तीन महिन्यांत दंड भरलेले दिसावेत एवढीच त्याची इच्छा आहे. जिमच्या काउंटरवर डबे रचलेले असतात. ‘सर’ सांगतात, पाव़डरबरोबर ही कॅप्सूलही घे, सप्लिमेंटच आहे. घरी पैसे मागताना तो हाच शब्द वापरतो. आई-वडील पैसे देतात, कारण सप्लिमेंट म्हणजे पूरक आहार, म्हणजे खाण्याचीच वस्तू असे त्यांना वाटते.

या शब्दातच सगळी मेख आहे. पण त्याआधी दोन गैरसमज बाजूला करायला हवेत.

पहिला असा की डब्यातली प्रत्येक पावडर म्हणजे स्टेरॉइड. तसे नाही. व्हे प्रोटीन म्हणजे दूध फाटल्यावर चोथ्यापासून वेगळी होणारी निवळी, ती गाळून, घट्ट करून, वाळवलेली. आपल्या आज्या पनीर करून उरलेल्या पाण्यात कणीक मळत, तेच हे पाणी. शाकाहारी घरातल्या, व्यायाम करणाऱ्या मुलाला ते उपयोगी पडू शकते. क्रिएटिनवरही भरपूर अभ्यास झालेला आहे आणि तेही स्टेरॉइड नव्हे. दुसरा गैरसमज नावाचा. दम्याच्या पंपात, सांधेदुखीत किंवा कोविडच्या काळात डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड वेगळ्या जातीचे असते. त्याने स्नायू वाढत नाहीत, उलट दीर्घकाळ घेतल्यास झिजतात. आपण बोलतो आहोत ते ॲनाबॉलिक स्टेरॉइडविषयी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या प्रयोगशाळेत घडवलेल्या भावंडांविषयी.

टेस्टोस्टेरॉन 1935 मध्ये कृत्रिमरीत्या तयार झाले. त्यात एक अडचण होती. ते गिळले तर आतड्यातून थेट यकृतात जाते आणि यकृत त्याची तिथेच मोडतोड करते. रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर तोड काढली. रेणूच्या सतराव्या क्रमांकाच्या कार्बनला आणखी एका कार्बनची छोटी शेपटी जोडायची. त्याला मिथाइल गट म्हणतात. या शेपटीमुळे यकृताला तो रेणू सहज मोडता येत नाही, तो तसाच रक्तात उतरतो. सीबा कंपनीने 1958 मध्ये अमेरिकेत बाजारात आणलेले मेथँडायनोन (डायनाबॉल) असेच आहे. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे सुवर्णपदक ज्याने घालवले ते स्टॅनोझोलोलही असेच. म्हणजे गोळीच्या रूपात काम करणारी बहुतेक ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स यकृताला चुकवण्यासाठीच मुद्दाम बनवलेली आहेत आणि त्याची किंमत यकृतच मोजते. पित्ताचा प्रवाह अडतो, कावीळ होते, अंगभर खाज सुटते. चांगले कोलेस्टेरॉल घसरते, रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. बाहेरून इतके संप्रेरक येते आहे म्हटल्यावर शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, अंडकोष लहान होतात, शुक्रजंतू घटतात. सोळा-सतराच्या मुलांमध्ये हाडांची वाढती टोके वेळेआधी बंद होतात आणि उंची तिथेच थांबते. मुलींचा आवाज घोगरा झाला तर तो बहुधा परत येत नाही.

ही औषधे आहेत आणि काही आजारांत डॉक्टर ती देतातही. मग ती ‘आहारा’च्या डब्यात शिरली कशी, हे समजून घ्यायला अमेरिकेत जावे लागते, कारण हा धंदा तिथे आकाराला आला.

अमेरिकेने 1990 मध्ये कायदा करून ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स नियंत्रित द्रव्यांच्या यादीत घातली. चारच वर्षांनी, 1994 मध्ये, दुसरा कायदा आला. त्याने पूरक आहाराला औषधापासून वेगळे काढून अन्नाच्या बाजूला बसवले. औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित आणि गुणकारी आहे हे कंपनीला सिद्ध करावे लागते. पूरक आहार विकण्यापूर्वी तसे काही सिद्ध करावे लागत नाही, तो घातक आहे हे नंतर सरकारने सिद्ध करायचे. एका बाजूला यादी, दुसऱ्या बाजूला उघडे दार. पॅट्रिक अर्नोल्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ही फट ओळखली आणि 1996 मध्ये अँड्रोस्टेनेडायोन सप्लिमेंट म्हणून बाजारात आणले. ते स्वतः यादीत नव्हते, पण शरीरात गेल्यावर त्याचे टेस्टोस्टेरॉन होते. 1998 मध्ये बेसबॉलपटू मार्क मॅग्वायर होम रनचा विक्रम मोडायला निघाला असताना एका पत्रकाराला त्याच्या कपाटात ही बाटली दिसली आणि मॅग्वायरनेही ती घेत असल्याचे लपवले नाही. लपवण्याचे कारणच नव्हते, ती दुकानात उघड मिळत होती. या गाजावाजाचा परिणाम विक्री वाढण्यातच झाला.

2004 मध्ये कायदा दुरुस्त करून अशी ‘प्रोहॉर्मोन’ यादीत आणली गेली. धंदा थांबला नाही, फक्त पुढच्या रेणूकडे सरकला. औषध कंपन्यांनी पन्नास-साठच्या दशकांत हजारो स्टेरॉइड रेणू बनवून पाहिले होते आणि त्यातले बहुतेक कधीच औषध झाले नव्हते. त्यांची माहिती जुन्या शोधनिबंधांत पडून होती. कुणीतरी ती पाने चाळायची, यादीत नसलेला एखादा रेणू उचलायचा, स्वस्तात बनवून घ्यायचा आणि भडक नाव देऊन डब्यात भरायचा. ‘सुपरड्रॉल’ हे त्याचे उदाहरण. त्यातला रेणू पन्नासच्या दशकापासून माहीत होता. 2005 मध्ये तो सप्लिमेंट म्हणून दुकानात आला, 2006 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारापत्र पाठवले आणि यादीत यायला त्याला 2012 साल उजाडले. सात वर्षे. तोवर किती यकृतांतून तो गेला असेल! 2009 मध्ये ‘बॉडीबिल्डिंग डॉट कॉम’ या मोठ्या विक्री-संकेतस्थळाला 65 उत्पादने परत मागवावी लागली आणि 2012 मध्ये त्या कंपनीला 70 लाख डॉलरचा दंड झाला. 2014 मध्ये आणखी एक कायदा करून रेणूत किरकोळ बदल करून पळवाट काढण्याला आळा घातला गेला. एकेका रेणूमागे धावून ही शर्यत जिंकता येत नाही, हे कळायला त्यांना चोवीस वर्षे लागली.

इतके होऊनही डबे स्वच्छ झाले नाहीत. अमेरिकेच्या प्रशासनाने 2007 ते 2016 या काळात ज्यांबद्दल इशारे दिले त्या 776 भेसळयुक्त सप्लिमेंट्सचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्नायुवर्धक म्हणून विकली जाणारी 92 उत्पादने होती आणि त्यांपैकी 82 मध्ये कृत्रिम स्टेरॉइड किंवा त्यांच्यासारखे द्रव्य होते. याचा अर्थ बाजारातल्या दहापैकी नऊ डब्यांत स्टेरॉइड असते असा नाही. पकडल्या गेलेल्या डब्यांत काय सापडते, ते हा आकडा सांगतो. दुसरा अभ्यास यकृताचा, 2014 सालचा. औषधांमुळे किंवा सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेले 839 रुग्ण त्यात होते. 2004 ते 2013 या काळात त्यांतला सप्लिमेंटचा वाटा 7 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर गेला. शरीरसौष्ठवाची उत्पादने घेणारे 45 जण होते, बहुतेक तरुण पुरुष. त्यांच्यापैकी कुणी दगावले नाही, पण कावीळ साधारणपणे 91 दिवस राहिली. तीन महिने पिवळे डोळे घेऊन, खाजेने रात्ररात्र जागत बसणारा विशीतला मुलगा डोळ्यांसमोर आणून पाहा.

इथे एक फरक सांगायला हवा. डब्यात स्टेरॉइड दोन प्रकारे येते. कधी ते अंशभर येते, कारण त्याच यंत्रात आधी हॉर्मोनची गोळी बनलेली असते आणि यंत्र नीट धुतलेले नसते. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने 13 देशांतून 634 सप्लिमेंट्स विकत घेऊन तपासली, तेव्हा 94 मध्ये, म्हणजे जवळजवळ 15 टक्क्यांत, लेबलावर नसलेली हॉर्मोन्स सापडली. त्यातली बरीच भेसळ अशी अंशमात्र होती. तेवढ्याने स्नायू वाढत नाहीत, पण खेळाडूचे करिअर संपू शकते. दुसरा प्रकार मुद्दाम घातलेल्या, औषधाच्याच मात्रेतल्या स्टेरॉइडचा. डबा ‘काम करतो’ अशी ख्याती व्हावी म्हणून ते घातलेले असते. जिममधल्या मुलाला खरा धोका या दुसऱ्या प्रकाराचा. आणि गंमत अशी की ज्या डब्याने पंधरा दिवसांत फरक दिसतो, त्याचीच शिफारस मित्राकडून मित्राकडे जाते.

पहिल्या प्रकाराची आणि त्याहून मोठ्या गुंत्याची भारतातली कहाणी आपल्याला आठवायला हवी, कारण अहमदाबादच्या आधी या स्पर्धा भारतात भरल्या त्या दिल्लीत, 2010 साली. तिथे महिलांच्या 4 x 400 मीटर रिलेत मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी आणि मनदीप कौर यांनी सुवर्ण जिंकले. स्टेडियम अक्षरशः दणाणले होते. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेतही त्याच चौघींनी सुवर्ण मिळवले, शिवाय अश्विनीने 400 मीटर अडथळ्यांचे सुवर्णही आणले. 2011 च्या उन्हाळ्यात सिनी, मनदीप आणि अश्विनी यांच्यासह सहा धावपटूंचे नमुने सदोष निघाले. त्यांत मेथँडायनोन होते, काहींच्या नमुन्यांत स्टॅनोझोलोलही. वर सांगितलेली तीच दोन नावे. मुलींचे म्हणणे होते की युक्रेनचे प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी चीनमधून आणलेल्या जिन्सेंगच्या गोळ्या त्यांनी घेतल्या होत्या, त्यातूनच हे आले असले पाहिजे. जिन्सेंग ही एक मुळी आहे, आपल्याकडे अश्वगंधा घेतात तशी चिनी लोक ती घेतात. प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले. डिसेंबर 2011 मध्ये आपल्या राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या, समितीने गोळ्यांबाबतचे त्यांचे म्हणणे मानले आणि 1 वर्षाची बंदी घातली. प्रकरण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेले. लवादाने जुलै 2012 मध्ये बंदी 2 वर्षांची केली. काय गिळतो आहोत याची खात्री करून घेणे ही खेळाडूचीच जबाबदारी आणि ती त्यांनी पार पाडली नाही, असा त्याचा सूर होता.

उत्तेजकविरोधी नियमांचा पायाच हा आहे. नमुन्यात द्रव्य सापडले की दोष तुमचा, ते कुणी दिले याला फारसे महत्त्व नाही. आम्हाला हा नियम कठोर वाटतो, पण त्याला पर्यायही दिसत नाही. कारण ‘सप्लिमेंटमधून आले’ हे जितके खरे असू शकते तितकेच ते सोयीचेही आहे. नरसिंग यादवचे प्रकरण आपल्या लोकांना चांगले आठवत असेल. 2011, 2012 आणि 2013 असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल. 2015 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकमधली जागा आणली होती. जून 2016 च्या चाचणीत त्याच्याही नमुन्यात मेथँडायनोन निघाले. आपल्या अन्नपाण्यात कुणीतरी कालवाकालव केली असे त्याचे म्हणणे होते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला नाडाने ते मान्य करून त्याला मोकळे केले. कोल्हापूरपासून बडोद्यापर्यंतच्या तालमींत सुटकेचा निःश्वास पडला. पण वाडाने दाद मागितली आणि 18 ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने रिओतच 4 वर्षांची बंदी जाहीर केली. तज्ज्ञांचे मत असे पडले की सापडलेले प्रमाण पेयात मिसळलेल्या भुकटीचे दिसत नाही, एक-दोन गोळ्या गिळल्याचे दिसते. सत्य काय ते नरसिंग जाणे. आमचा मुद्दा इतकाच की डब्यातल्या भेसळीने खरोखर फसलेल्यालाही आता कुणी सहज विश्वासात घेत नाही, कारण ही सबब फार वापरली गेली आहे.

मेथँडायनोनला निदान शोधता येते. पॅट्रिक अर्नोल्डनेच बनवलेले टीएचजी नावाचे स्टेरॉइड तर कुठल्याच चाचणीत दिसत नव्हते. 2003 मध्ये एका प्रशिक्षकाने त्या द्रव्याचा अंश असलेली सिरिंज अधिकाऱ्यांकडे पाठवली, तेव्हा कुठे लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत डॉन कॅटलिन यांच्या चमूला त्याची ओळख पटली आणि बाल्को कंपनीचे प्रकरण बाहेर आले. यंत्र कितीही महागडे असले तरी काय शोधायचे ते आधी माहीत असावे लागते. ‘लॅब टेस्टेड’ असे डब्यावर छापलेले असते, तेव्हा कशासाठी टेस्टेड, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा. प्रथिनांसाठी तपासलेला डबा स्टेरॉइडसाठी तपासलेला नसतो. आणि प्रथिनांचे तरी खरे असते का? 2024 मध्ये केरळमधल्या यकृततज्ज्ञांच्या पुढाकाराने भारतातल्या 36 प्रोटीन उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 70 टक्के उत्पादनांच्या लेबलावरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. हा अभ्यास स्टेरॉइडचा नव्हता. पण डब्यावरची जी गोष्ट तपासायला सर्वांत सोपी, तीच जर खोटी असेल, तर बाकीच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

आता आपला कायदा. कागदावर तो अमेरिकेपेक्षा स्पष्ट आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांनुसार आरोग्यपूरक आहारात हॉर्मोन, स्टेरॉइड किंवा मनावर परिणाम करणारे द्रव्य घालायला सरसकट मनाई आहे. रेणूंची यादी नाही, म्हणून शेपटी बदलून निसटायची सोयही नाही. औषधांच्या बाजूला ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स ‘शेड्यूल एच’मध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. मात्र अमली पदार्थांच्या कायद्यात ती नाहीत, त्यामुळे पोलिसांचा त्यांच्याकडे पाहण्याचा रोख वेगळा असतो. खरी अडचण पुढे आहे. औषधांचे दुकान फार्मासिस्टच्या परवान्यावर चालते, औषध निरीक्षक येऊन वही मागू शकतो. जिमच्या काउंटरवरचा डबा अन्न आहे, म्हणून त्याला हा कुठलाच चाप नाही. अन्न अधिकाऱ्याने नमुना उचलला तर उचलला, आणि त्याच्या एका दौऱ्यात दूध, मिठाई, फरसाण, तेल, मसाले सगळेच येते. दिवाळीच्या तोंडावर मावा तपासणारा माणूस वर्षाला किती कॅप्सूल तपासणार? शिवाय प्रकरण केवळ चुकीच्या लेबलाचे ठरले तर दंडाची कमाल मर्यादा 3 लाख रुपये. सगळे ओझे त्या एका शब्दावर आहे. डब्यावर ‘आहार’ लिहिले की औषधासाठी उभारलेली सगळी पहारेकऱ्यांची रांग टाळून माल थेट मुलाच्या दप्तरात पोचतो.

कुणी म्हणेल, जुन्या तालमीत कुठे परवाने होते? खरे आहे. बडोद्याइतकी व्यायामाची परंपरा फार थोड्या शहरांना आहे. जुम्मादादांचा आखाडा, त्यांच्यामागे प्रा. माणिकरावांनी केलेले काम, आणि दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश, तोही इथूनच निघालेला. त्या काळीही ताकदीच्या पुड्या आणि भस्मे विकणारे असत, जुना काळ सोवळा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप, थंडाई, आणि तो घरच्यांच्या डोळ्यांदेखत तयार होई. दुसरे म्हणजे वस्तादाला पोरगा आडवा पडला तर त्याच्या बापाला रस्त्यात तोंड दाखवावे लागे. आजचा ट्रेनर वाईट माणूस असतो असे नाही, बरेचदा तो स्वतःच त्या डब्याचे गिऱ्हाईक असतो. पण पगार तुटपुंजा आणि डब्यावर कमिशन, ही व्यवस्था असेल तर त्याने सल्ला कुणाच्या हिताचा द्यावा? आपल्या मुलाच्या जिममध्ये ही व्यवस्था आहे का, एवढे तरी आपण विचारू शकतो.

विचारण्यासारखे आणखीही आहे. डब्यावर प्राधिकरणाचा 14 आकडी परवाना क्रमांक असलाच पाहिजे आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. क्रमांक खरा असला म्हणजे आतला माल खरा असे नव्हे, पण क्रमांकच नसला तर पुढे बोलायचे कारण उरत नाही. मग भाषा पाहावी. ‘प्रोहॉर्मोन’, ‘टेस्ट बूस्टर’, घटकांच्या यादीत ‘मिथाइल’पासून सुरू होऊन ‘डायोन’ किंवा ‘17-ऑल’वर संपणारी लांबलचक नावे दिसली की थांबावे. सहा आठवड्यांची ‘सायकल’ करा, मग ‘पीसीटी’ घ्या, असे डबा किंवा ट्रेनर सांगत असेल तर मुलाला सरळ विचारावे, भाकरीची सायकल असते का रे? अन्न कुणी कोर्स म्हणून घेत नाही आणि ते थांबवल्यावर सावरायला दुसरे औषध लागत नाही.

अन्न सुरक्षा कायदा, 2006 च्या 40 व्या कलमाची माहिती फार थोड्यांना असते. सामान्य ग्राहकही फी भरून अन्नपदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला तसे सांगायचे. अहवालात कायद्याचा भंग दिसला तर फी परत मिळते. राज्याची अन्न व औषध प्रयोगशाळा आपल्याच शहरात आहे. कोणती तपासणी हवी ते अर्जात स्पष्ट लिहावे आणि स्टेरॉइडसाठी तपासणी इथे होईल की नमुना बाहेर पाठवावा लागेल, हे आधी विचारून घ्यावे. एकट्याने हे करायला संकोच वाटतो. पाच-सहा पालक मिळून गेले तर दुकानदाराचा स्वरही बदलतो आणि फीही वाटली जाते. नुसते ‘मी हा तपासायला देणार आहे’ असे म्हटल्यावर त्याने डबा परत शेल्फवर ठेवला, तर त्यातच उत्तर मिळाले असे समजावे.

आणि डबा आधीच घरात आला असेल, मुलाचे वजन महिनाभरात सात-आठ किलोंनी वाढले असेल, पाठीवर मुरुमांचे पीक आले असेल, छातीला गाठ लागत असेल, चिडचिड वाढली असेल, तर? रागाच्या भरात डबा कचऱ्यात टाकू नका. त्यावरचा बॅच क्रमांक, बिल आणि उरलेल्या कॅप्सूल जपून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना डबा बरोबर न्या, कारण मुले डॉक्टरांना ‘फक्त प्रोटीन घेतो’ एवढेच सांगतात आणि मग काविळीचे कारण शोधण्यात आठवडे जातात. नुसते एसजीपीटी वाढलेले दिसले तर जोरदार व्यायामानेही ते वाढते, म्हणून बिलिरुबिन आणि इतर तपासण्या डॉक्टर सांगतील त्या करून घ्या. डबा तर बंद करायलाच हवा, पण तो बंद झाल्यावर शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन परत सुरू व्हायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. त्या काळात मुलगा गळून जातो, उदास होतो, आरशात स्वतःला पाहवत नाही, आणि पुन्हा डब्याकडे वळतो तो याच दिवसांत. तेव्हा त्याला जिमपासून तोडू नका. व्यायाम चालू राहू द्या, डॉक्टरांची पुढची तारीख घेऊन ठेवा आणि त्या तारखेला घरातल्या कुणीतरी त्याच्याबरोबर जा.